पेटीतलं ऊन

आज सकाळी मागचं दार उघडलं तर लॉन पांढरं झालेलं. दहिवर गोठून गवताचं पातं न् पातं ताठ उभं होतं. पायरीवर विसरलेल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, साखरेत घोळवल्यासारख्या दिसत होत्या. न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हटमध्ये हिवाळा असा न सांगता दारात येऊन उभा राहतो. दरीत धुकं बसतं, दोन्ही बाजूंच्या टेकड्या नाहीशा होतात आणि वेलिंग्टनला जाणारी ट्रेन दिसत नाही, नुसती ऐकू येते. मी दार लावून घेतलं आणि चहा टाकायच्या आधी पॅसेजमधल्या लाकडी पेटीपाशी गेले. पेटीवरच्या छोट्या थर्मामीटरवर वीसचा आकडा होता. आत टोस्ट डोळे मिटून पडला होता, पोट संथपणे वरखाली होत होतं. मग मी चहा टाकला.

जून उजाडला की माझं हे असं होतं. तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा अंगातून पुरता गेलेला नाही.

टोस्ट म्हणजे आमच्या घरातला सरडा. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, घाबरला की हनुवटीखालची काटेरी दाढी काळी करणारा. इथे त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. खरं तर माझ्या मुलीला, मैत्रीला, साप हवा होता. शाळेच्या लायब्ररीतून सापांची पुस्तकं आणून आणून तिने वयाच्या नवव्या वर्षी सगळे साप पाठ केले होते. पण न्यूझीलंडमध्ये साप पाळता येत नाही. इथे साप नाहीतच, आणि आणायला सक्त बंदी आहे. नागपूरला माझ्या बाबांना हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. "आपण नागपूरचे, अन् नातीले साप नाही भेटत! भलता देश आहे बापा." मग म्हणाले, "बरं आहे पण. पायात काय येईल याची चिंता नाही."

आम्ही ऑकलंडच्या फ्लॅट बुशमधून इकडे नुकतेच आलो होतो. माझ्या नवऱ्याला, राहुलला, वेलिंग्टनमध्ये कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं, मला इथल्या एका फार्मसीत जागा. मैत्रीला मात्र काहीच मिळालं नव्हतं. तिच्या मैत्रिणी तिकडे राहिल्या. नव्या शाळेतून ती यायची, बॅग ठेवायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. आधीही मराठीत विचारलेल्याला ती इंग्रजीतच उत्तर द्यायची, पण आता तेही "फाइन" आणि "डोन्ट नो" एवढ्यावर आलं होतं. अशात शेजारच्या गल्लीतलं एक कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं. त्यांना सरडा नेता येत नव्हता. काचेची टाकी, दिवे, कोबीची पानं आणि सरडा असं सगळं आमच्या गाडीच्या डिकीत आलं. त्या दिवशी संध्याकाळी मैत्री टाकीसमोर पोटावर पालथी पडून त्याच्याशी अखंड बोलत होती. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मी ऐकत होते. किती तरी आठवड्यांनी घरात तिचा आवाज ऐकू येत होता.

तो उन्हाळा होता, फेब्रुवारी. उन्हाळ्यात सरडा पाळणं सोपं.

आमचं घर जुनं, लाकडी फळ्यांचं, एकेरी काचांच्या मोठ्या खिडक्यांचं. मे महिन्यात त्या काचा सकाळी आतून रडायला लागल्या. टॉवेल घेऊन पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टोस्टची टाकी अशाच एका खिडकीखाली होती, चारी बाजूंनी काच, वर जाळीचं झाकण. त्याला दिवसा एका कोपऱ्यात चाळीस डिग्री हवं असतं, आपल्याकडच्या मे महिन्यासारखं. तेवढं ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला खाल्लेलं पचत नाही. शंभर वॉटचा दिवा तेवढी उष्णता द्यायचा आणि ती सगळी जाळीतून निघून छताला जाऊन बसायची. म्हणून मग आम्ही टाकीशेजारी तेलाचा हीटर ठेवला. तो दिवसभर सुरू. खोलीत कोणी नसतानाही सुरू.

आणि जूनमध्ये राहुलचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढचं मिळालं नाही. तो रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन ट्रेनने वेलिंग्टनच्या लायब्ररीत जायचा आणि तिथे बसून अर्ज लिहायचा. "घरात बसलो तर वेडा होईन, सुजाता," म्हणायचा. विजेचं बिल आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. तो म्हणाला, "टोस्टला दुसरं घर बघूया का?" मी म्हणाले, "मैत्रीला काय सांगशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्री गाडीत जाऊन बसली होती. मी किल्ली घ्यायला परत आत आले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवाही, हीटरही. साडेतीनला घरी आल्यावर, ती बूट काढेपर्यंत मी पुढे होऊन बटण पुन्हा दाबलं. एवढं सोपं होतं ते. मी इंटरनेटवर वाचलं होतं की हे सरडे थंडीत झोपतात, आठवडेच्या आठवडे खात नाहीत. आपणच आपल्याला समजवायचं असलं की एवढं वाचन पुरतं. दुसऱ्या दिवशीही बंद केलं. मग ते माझं रोजचं काम झालं, डबा भरण्यासारखं.

मी फार्मासिस्ट आहे. लसींच्या फ्रिजचं तापमान मी रोज दोनदा तपासून वहीत लिहिते. एक डिग्री इकडची तिकडे झाली तर फोनाफोनी करते. त्याच हातांनी मी ते बटण बंद करत होते. जवळजवळ तीन आठवडे.

जुलैच्या सुरुवातीला बाबा आले. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि नागपूरच्या घरात ते एकटेच होते, म्हणून आम्ही हट्टाने बोलावून घेतलं होतं. विमानतळाबाहेर वाऱ्याने त्यांची कानटोपी उडवली आणि मैत्री तिच्यामागे धावली. टोपी देताना ती म्हणाली, "हिअर, आजोबा." बाबा म्हणाले, "थँक्यू." एवढीच त्या दोघांची ओळख. गाडीत तिने त्यांना टोस्टचं नाव सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "टोस? चहात बुडवून खायचा तो?" मैत्रीला अर्थ कळला. ती खिडकीकडे तोंड करून हसली, पण मी आरशात पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा टाकीपाशी स्टूल घेऊन बसले होते, अंगावर शाल, तळहात काचेवर टेकवलेला. मी घाईघाईने बटणाकडे गेले. मैत्री कपडे बदलायला गेल्यावर बाबा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले.

"सकाळी तूच बंद केलं ना?"

मी गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं.

"मले वाटलं लाइट गेली. मग पाहिलं तर फ्रिज सुरू. मी लावणार होतो, पण म्हटलं तुमच्या घरचं काही असेल, विचारून लावू." मग म्हणाले, "तो हलून नाही राहिला, सुजू. सकाळपासून एकाच जागी आहे."

बाबांनी नागपुरातल्या कळमन्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तीस वर्षं मशीन सांभाळलं. बाहेर सत्तेचाळीस डिग्रीचा उन्हाळा आणि आत लाल मिरचीची हजारो पोती, त्यांचा रंग उडू नये म्हणून थंडीत ठेवलेली. लहानपणी मी डबा द्यायला जायची तेव्हा त्या जाड दारातून आत पाऊल टाकलं की एकदम अंगावर शहारा आणि नाकात मिरचीचा ठसका. बाहेर आलं की पुन्हा भट्टी. कुठल्या भिंतीतून थंडी गळते ते बाबा तळहात लावून सांगायचे. आता तोच तळहात ते माझ्या घरातल्या काचेवर ठेवून बसले होते.

"पोट्टीले सांग," ते म्हणाले.

मी मान हलवली, पण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोस्टने डोळेही उघडले नाहीत. दाढी काळी पडली होती. मैत्रीने त्याला उचललं तर मागचे पाय लोंबत राहिले. तिचा चेहरा पाहून मी फार्मसीत फोन करून सुट्टी घेतली. असे प्राणी बघणारी व्हेट अर्ध्या तासावर होती. मैत्रीने टोस्टला हुडीच्या आत, छातीशी धरलं होतं. बाबा तिच्या शेजारी मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी आपली शाल तिच्या पोटाभोवती गुंडाळली.

व्हेट तरुण होती. "किया ओरा, मैत्री," असा माओरीत नमस्कार करत तिने टोस्टचं पोट दोन बोटांनी हळूच दाबून पाहिलं. पोटात गाठीसारखं काही लागत होतं. तिने विचारलं, दिवसा त्याच्या उन्हाच्या जागी किती तापमान असतं?

"फॉर्टी," मैत्रीने सांगितलं. माझ्याकडे न बघता.

व्हेटने ते लिहून घेतलं. तसं असेल तर मग एक्स-रे, कदाचित ऑपरेशन, असं ती बोलायला लागली. मी बाबांना आणि मैत्रीला गाडीकडे पाठवलं, पर्स विसरले असं सांगून परत आत गेले आणि तिला खरं ते सांगितलं. तिने आधी लिहिलेला आकडा खोडला. मग म्हणाली, "थँक यू. दॅट हेल्प्स हीप्स." म्हणजे खूपच मदत झाली. पोटात अन्न होतं आणि ते पचवायला ऊब नव्हती. एवढंच असेल तर कदाचित चाकू लागणार नाही. त्याला गरम ठेवा, रात्री खोली गारठू देऊ नका, रोज कोमट पाण्यात बसवा, खायला देऊ नका. पोट साफ झालं तर वाचला. पाच दिवस वाट बघू.

घरी आल्यावर हीटर लावला तरी टाकीच्या त्या कोपऱ्यात काही केल्या बत्तीसच्या वर आकडा जाईना. बाहेर वारा सुटला होता. बाबांनी टाकीच्या चारी बाजूंना हात फिरवला, वरच्या जाळीवर धरला, खिडकीच्या काचेला लावला.

"कायले ठेवलं हे खिडकीपाशी?" ते म्हणाले. "अन् काचेचं कायले? वरून उघडं. तू बादलीत पाणी भरून राहिली अन् बादलीले बूड नाही. कितीही नळ सोड."

मग ते मैत्रीकडे वळले. "ये. मोजायची टेप आहे का?"

मैत्रीची शाळा त्या दिवशी बुडालीच होती. गॅरेजमध्ये आधीच्या भाडेकरूंचं एक प्लायवूडचं कपाट पडून होतं. बाबांनी ते उघडं केलं आणि आडवं पाडलं. पलीकडचे ग्रॅहम, निवृत्त सुतार, करवतीचा आवाज ऐकून कुंपणावरून डोकावले आणि पाच मिनिटांत ड्रिल घेऊन हजर झाले. बाबांना इंग्रजी जेमतेम, ग्रॅहमना मराठी शून्य. मध्ये मैत्री. "ही सेज द होल शुड बी स्मॉल. लो हिअर, हाय देअर." एक छोटं भोक खाली, गार बाजूला, एक वर, गरम बाजूला. हवा खेळेल, पण ऊब धावत सुटणार नाही. जुन्या टाकीच्या काचा पुढच्या बाजूला सरकत्या बसवल्या. बाकी तिन्ही बाजू आणि वरून, बाहेरच्या अंगाने, टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल आणि त्यावर ग्रॅहमनी दिलेला, घर उबदार राहायला छतात भरतात त्या लोकरीचा उरलेला तुकडा. दिव्याच्या वरच्या भागात बाबांनी थर्मोकोल लावू दिलं नाही. "आग लागते. तिथं फक्त लोकर, अन् तेही लांब." दिव्याखाली फरशीचा जाड दगड. "हा दिवसा ऊन पितो, रात्री सोडतो," बाबा म्हणाले, आणि मैत्रीने ते ग्रॅहमना सांगितलं तेव्हा ग्रॅहम म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास.

"कोल्ड स्टोरेज अन् हे एकच," बाबा संध्याकाळी हात धुताना मला सांगत होते. तितके शब्द सलग बोलताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "तिकडे ऊन आत येऊ द्यायचं नाही. इकडे बाहेर जाऊ द्यायचं नाही. भिंत तेच काम करते."

पेटी कुठे ठेवायची हे त्यांनी घरभर भिंतींना हात लावून ठरवलं. पॅसेजमध्ये हॉट वॉटर कबर्ड आहे, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, जिथे आम्ही ओले टॉवेल आणि मैत्रीचे टॉग्ज, पोहण्याचे कपडे, वाळत टाकतो. त्या कपाटाची मागची भिंत हिवाळ्यात कायम कोमट असते. इतके महिने मी त्या भिंतीजवळून ये-जा केली होती आणि ते मला माहीत नव्हतं. पेटी त्या भिंतीला लागली. शंभरचा दिवा काढून साठचा लावला, थर्मोस्टॅट जोडला. तेलाचा हीटर बंद. तासाभरात दगडावर एक्केचाळीस. आम्ही चौघं त्या आकड्याकडे बघत पॅसेजमध्ये दाटीवाटीने उभे होतो. राहुल ट्रेनमधून उतरून नुकताच आला होता, कोटसुद्धा काढला नव्हता.

"साठमध्ये?" त्याने विचारलं.

"चाळीसमध्येही झालं असतं," बाबा म्हणाले. "पण पहिलाच हिवाळा आहे."

टोस्ट मात्र तसाच. रोज दुपारी बाबा परातीत कोमट पाणी घ्यायचे, कोपर बुडवून बघायचे, आम्हा भावंडांना आंघोळ घालताना बघायचे तसं. मैत्री टोस्टचं पोट बोटाने वरून खाली चोळायची. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. तिसऱ्या दिवशी त्याने एक डोळा उघडला. चौथ्या दिवशी दाढीचा काळा रंग उतरला. पण पोट तसंच घट्ट. मी कामावर जायची, लसींच्या फ्रिजचा आकडा लिहायची. व्हेटने दिलेले पाच दिवस उद्या संपत होते. मनात मी वाक्यं जुळवत होते, मैत्रीला काय सांगायचं याची. एकही वाक्य पूर्ण होत नव्हतं.

पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी बाहेर दोरीवर कपडे घालत होते. थंडीतलं ते कोवळं, पारदर्शक ऊन पडलं होतं. घरातून एक किंकाळी आली. माझ्या हातातली चादर चिखलात पडली. मी धावले तर बाथरूममधून मैत्रीचा आवाज, घर डोक्यावर घेणारा:

"आजोबा! शी केली! शी केली त्याने!"

मराठीत. त्या क्षणी तिला दुसरा शब्द सुचलाच नाही. बाबा बाथरूमच्या जमिनीवर मांडी घालून बसले होते, परातीतल्या पाण्याकडे बोट दाखवत होते आणि हसत होते, खांदे हलेपर्यंत. राहुल आला, त्याने वाकून पाहिलं आणि "शाब्बास रे!" म्हणून ओरडला. तिथला वास विचारू नका. आम्ही त्या वासात पाच-सात मिनिटं उभे राहिलो आणि कोणी नाकाला हात लावला नाही. टोस्ट परातीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकवून, मान उंच करून, आम्हा सगळ्यांकडे एका डोळ्याने बघत होता.

मी पॅसेजमध्ये येऊन भिंतीला टेकले.

पुढच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा राहुलने फोन माझ्यासमोर धरला आणि भुवया उडवल्या; आकडा बराच उतरला होता. सप्टेंबरमध्ये त्याला नवं काम लागलं. बाबा सहा महिने राहून परत गेले. विमानतळावर मैत्री त्यांच्याशी अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं काहीतरी बोलत होती आणि ते दोन्हीला "हो" म्हणत होते. आता रविवारी व्हिडिओ कॉलवर मी "जय भीम, बाबा" म्हणते न म्हणते तोच फोन पॅसेजमध्ये पळवला जातो, सरडा दाखवायला. हे सगळं नीट झालं. कोणी त्या हिवाळ्याबद्दल विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि पेटी कशी करायची ते सांगते. ऑकलंडच्या सँडरिंगहॅमहून आलेल्या एका मैत्रिणीने तिच्या कासवासाठी तशीच करून घेतली.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगत नाही. ती त्याच शनिवारची.

टोस्टला पुसून पेटीत ठेवलं. बाबा दमून आडवे झाले. मैत्री तिच्या खोलीत पलंगावर बसून चित्र काढत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. बटणाचं. तीन आठवड्यांचं. ती बूट काढत असताना मी पुढे का धावायची त्याचं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, जसं आलं तसं बोलले.

तिने पेन्सिल थांबवली नाही. "आय नो, आई."

"तुला माहीत होतं?"

दिवा नुकताच लागलेला असायचा, टाकी गार असायची, तिने इंग्रजीत सांगितलं. म्हणून ती रोज अभ्यास करताना टोस्टला हुडीच्या आत घेऊन बसायची. व्हेटलाही ती म्हणूनच खोटं बोलली. खरं सांगितलं असतं तर आपण त्याला देऊन टाकलं असतं, असं तिला वाटलं. तिने आमचं स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकलं होतं. बिलाचं.

मी तिला जवळ घेतलं. मग मान वर करून तिने विचारलं, "सो पॉवर इज ओके नाउ?"

"हो. आता काही काळजी नाही."

"मग मी माझा हीटर लावू?"

मला आधी कळलंच नाही, मग तिने सांगितलं. रोज झोपताना मी तो लावून, दार ओढून घेऊन जायची. आणि रोज माझी पावलं लांब गेली की ती उठून तो बंद करायची. दोन स्वेटर आणि, बाबा आल्यापासून, त्यांची कानटोपी घालून झोपायची. टोस्टच्या वाटची वीज तिने अशी आपल्या वाटणीतून काढली होती, बिल आलं त्या रात्रीपासून, कोणाला न सांगता.

दुपारचे जेमतेम तीन वाजले होते. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं. मी उठले, हीटरचं बटण दाबलं, आणि तो पुरता तापेपर्यंत आम्ही दोघी त्याच्यासमोर जमिनीवर, पाय लांब करून बसलो.